पीकेयू फॅमिली कॅम्प भरवायचाय? मग आधी किचनचं बघा

पीकेयू (फेनिलकेटोन्युरिया, प्रोटीनचा एक घटक शरीराला नीट मोडता न येण्याचा जन्मजात आजार) किंवा तसल्याच एखाद्या मेटाबॉलिक आजारामुळे आयुष्यभर डाएटवर असणाऱ्यांसाठी, घरच्यांसकट, शनिवार-रविवारचा कॅम्प भरवायचं तुमच्या डोक्यात असेल तर बॅनर, टी-शर्ट, खेळ, पाहुणे हे सगळं जरा बाजूला ठेवा. किचन कोणाच्या ताब्यात असणार आणि तिथे काय शिजणार, हे ठरलं की निम्मा कॅम्प उभा राहिला. हे ठरलं नाही तर बाकी कितीही झकास करा, आई-बाबा दोन दिवस डबे उघडत आणि लेबलं वाचत बसणार, म्हणजे घरी करतात तेच, फक्त जागा बदलून.

मुद्दा असा आहे की एरवी प्रत्येक ठिकाणी या मुलांचं ताट वेगळं असतं. शाळेत, वाढदिवसाला, प्रवासात, सगळीकडे. सगळे एक खातात आणि हे पोर दुसरं. कॅम्पमध्ये हे उलटं करायचं. मेन टेबलावर जे काही असेल ते सगळं लो प्रोटीन, आणि ज्यांना अंडं, दूध, चीज, मांस, डाळ असलं काही हवंय त्यांनी उठून कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर जाऊन घ्यायचं. भावंडांना, आई-बाबांना प्रोटीन लागतंच, ते बंद करायचं नाही, पण दोन दिवस वेगळं ताट त्यांचं. बाकी सगळं प्लॅनिंग या एका गोष्टीभोवती करा.

आधी ठरवा, कॅम्प नक्की कोणासाठी

"सगळ्या मेटाबॉलिक आजारांसाठी एकच मोठा कॅम्प करूया" असं म्हणणारा कोणीतरी प्रत्येक मीटिंगमध्ये असतोच. मन चांगलं असतं त्याचं, पण पहिल्याच वेळी त्याचं ऐकू नका. कारण एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष, हे इथे अगदी शब्दशः खरं आहे. पीकेयूवाल्यांना साखर, मध, तेल, लोणी, बहुतेक फळं बिनधास्त चालतात, कारण त्यांचा प्रॉब्लेम फेनिलअ‍ॅलानिन नावाच्या अमिनो अ‍ॅसिडचा, म्हणजे प्रोटीनचा. आता तोच फळांचा ज्यूस हेरेडिटरी फ्रुक्टोज इनटॉलरन्स (फळांतली साखर न चालण्याचा आजार) असलेल्याला दिला तर तो हॉस्पिटलात. लाँग चेन फॅटी अ‍ॅसिडचे आजार (काही फॅट शरीराला वापरता येत नाही) असलेल्यांना तेलात तळलेले बटाटे नकोत. गॅलॅक्टोसेमियावाल्यांना दुधाचा अंश नको, आणि काही लो प्रोटीन दुधं चक्क दुधाच्या घटकांपासून बनवलेली असतात. एमसीएडीवाल्याला (उपाशीपोटी फॅटमधून नीट ऊर्जा काढता न येण्याचा आजार) प्रोटीन व्यवस्थित चालतं पण जास्त वेळ उपाशी राहणं अजिबात चालत नाही, त्यामुळे जेवायला दोन तास उशीर झाला तर बाकीचे कुरकुरतील आणि याला मात्र खरा धोका. ग्लायकोजेन स्टोरेजच्या (शरीरात साठवलेली साखर नीट वापरता न येण्याच्या) आजाराच्या काही मुलांना रात्रीसुद्धा ठरल्या वेळी कच्चा कॉर्नस्टार्च द्यावा लागतो किंवा पंपाने फीड चालू ठेवावं लागतं.

म्हणून आजाराच्या नावावरून नाही, किचनवरून गट करा. लो प्रोटीन किचनमध्ये पीकेयू आणि टायरोसिनेमिया, होमोसिस्टिनुरिया, एमएसयूडी हे अमिनो अ‍ॅसिडचेच दुसरे आजार साधारण एकत्र बसतात. साधारण म्हणतोय हां, कारण पीकेयूची फ्री (न मोजता खायच्या) फळं-भाज्यांची यादी एमएसयूडीला डोळे झाकून लावायची नाही, तिथे ल्युसिन हे दुसरं अमिनो अ‍ॅसिड मोजायचं असतं, हिशोब वेगळा. युरिया सायकलचे (प्रोटीनमधून तयार होणारा अमोनिया बाहेर टाकता न येण्याचे) आजारही लो प्रोटीनच, पण त्यांची (आणि एमएसयूडीची पण) इमर्जन्सीची तयारी पूर्ण वेगळ्या लेव्हलची लागते, ते पुढे सांगतो. पहिला कॅम्प असेल तर सरळ फक्त पीकेयू ठेवा, आणि कुटुंबं जेवढी तुमच्या टीमला नावानिशी लक्षात राहतील तेवढीच.

फॉर्म

रजिस्ट्रेशनचा फॉर्म छोटा हवा असं सगळे म्हणतात, मी म्हणतो लांबच ठेवा, फक्त प्रश्न कामाचे विचारा. निदान काय आहे. दिवसाला किती चालतं, आणि ते कशात मोजता, कारण कोणी फेनिलअ‍ॅलानिनचे मिलिग्रॅम सांगतं, कोणी प्रोटीनचे ग्रॅम, कोणी एक्सचेंज (क्लिनिकने मोजण्यासाठी ठरवलेलं माप). १ ग्रॅम प्रोटीनमध्ये धरून चाला साधारण ५० मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलानिन (फळं-भाज्यांत थोडं कमी भरतं), आणि एक्सचेंज म्हणजे बऱ्याच ठिकाणी हेच ५० मिलिग्रॅम. पण सगळीकडे नाही! काही क्लिनिक १५ चा एक्सचेंज धरतात. म्हणून फॉर्ममध्ये "तुमचा एक एक्सचेंज म्हणजे किती मिलिग्रॅम" हा प्रश्न पाहिजेच, नाहीतर किचनच्या भिंतीवर लावलेला तक्ता अर्ध्या लोकांसाठी चुकीचा ठरेल.

मग फॉर्म्युला (चालत नाही ते अमिनो अ‍ॅसिड वगळलेलं, प्रोटीनच्या बदली प्यायचं पेय) कोणता, दिवसात किती वेळा, कशात कालवता. औषधं कोणती. साध्या अ‍ॅलर्जी वेगळ्या रकान्यात, कारण पीकेयू असलेल्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीपण असू शकते आणि त्या गडबडीत ती राहून जाते. क्लिनिकचा फोन, आणि ज्यांना इमर्जन्सी लेटर (तब्येत बिघडली तर काय करायचं हे क्लिनिकने लिहून दिलेलं पत्र) मिळालेलं असतं त्यांच्याकडून त्याची कॉपी. फोटो काढले तर चालतील का, आणि ऑनलाइन टाकले तर चालतील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन वेगळे टिक बॉक्स द्या. ऑफिसात आजाराबद्दल काहीच न सांगितलेले बरेच मोठे लोक असतात.

हे फॉर्म ग्रुपवर फिरवायचे नाहीत. दोघांकडेच ठेवा, एक मेडिकल बघणारा, एक किचन बघणारा.

मोठे पेशंट येणार असतील तर अजून एक. बऱ्याच जणांनी मधे डाएट सोडलेलं असतं, आणि लेव्हल (रक्तातलं फेनिलअ‍ॅलानिन) वाढलेली असली की लक्ष लागत नाही, कामं पुढे ढकलली जातात, फॉर्म भरायचा राहतो. तो आळस नसतो. दोनदा-तीनदा आठवण करा, फोन करून तुम्हीच फॉर्म भरून घ्या, आणि शेवटच्या क्षणी कोणी हो म्हटलं तर तोंड वाकडं करू नका.

जागा बघताना

निसर्गरम्य वगैरे सगळं ठीक आहे, पण पहिला प्रश्न हाच विचारायचा की किचन आम्हाला वापरायला मिळेल का. "आमचा कुक सगळं सांभाळतो" असं उत्तर आलं तर जरा खोदून विचारा. बहुतेक किचनवाल्यांना अ‍ॅलर्जी समजते, आणि ते हे सगळं अ‍ॅलर्जीच्याच चष्म्यातून बघतात, म्हणजे वेगळी सुरी, वेगळा बोर्ड, हातमोजे, आणि मग त्याच सुरक्षित भांड्यातून वाटीभर जास्तीचे मटार वाढून मोकळे. पीकेयूमध्ये कणभर लागलं म्हणून काही बिघडत नाही, बिघडतं ते किती गेलं यावरून. क्लासिकल, म्हणजे सगळ्यात तीव्र पीकेयूच्या पुष्कळ लोकांना दिवसभरात जेमतेम ४ ते १० ग्रॅम नैसर्गिक प्रोटीन चालतं. हे एक वाक्य किचनवाल्यांना शांतपणे समजावलं तर पुढचे अर्धे घोळ टळतात.

बाकी गोष्टी पटापट: फ्रिज मोठा हवा (तयार फॉर्म्युला, काही औषधं, काही इंजेक्शनं थंडच लागतात), रात्री लाइट गेली तर काय सोय आहे, मोबाइलला रेंज आहे का, आणि लहान मुलांवर उपचार करणारं, चोवीस तास चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल गाडीने किती वेळावर आहे. ते अंतर नकाशावर बघू नका, एकदा स्वतः गाडी घेऊन जाऊन या, जमलं तर रात्री.

किचन, म्हणजे खरा कॅम्प

मेनू डायटिशियनबरोबर बसून ठरवा, पण आधी तुम्ही कच्चा तयार करून न्या, नाहीतर कागदावर सगळं बरोबर आणि मुलांना न आवडणारं असं काहीतरी हातात येतं. साधं ठेवा. लो प्रोटीन पास्ता भाज्यांच्या सॉसमध्ये, भाजलेल्या भाज्या, बटाटा मोजून, लो प्रोटीन ब्रेड, सूप, फळं, सरबत, एक धमाल गोड पदार्थ. दोन दिवसांत नवनवीन पदार्थांचं प्रदर्शन भरवायचं नसतं. लहान मुलं ओळखीचं खातात, आणि पोट भरलं नाही तर संध्याकाळी रडारड ठरलेली.

प्रत्येक पदार्थासमोर कार्ड लावायचं आणि त्यावर तीन गोष्टी: नाव, १०० ग्रॅममध्ये किती प्रोटीन आणि किती फेनिलअ‍ॅलानिन, आणि एक डाव किंवा एक तुकडा म्हणजे किती ग्रॅम. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. आणि आकडा शिजलेल्या पदार्थाचा लिहायचा. कच्च्या तांदळात १०० ग्रॅमला साधारण ७ ग्रॅम प्रोटीन असतं, शिजल्यावर तोच भात पाणी पिऊन अडीच-तीन पट वजनाचा होतो, तेव्हा कार्डावर कच्च्याचा आकडा आणि ताटात शिजलेला असं झालं तर मूल उगाच अर्धपोटी राहतं. उलटं झालं, म्हणजे आकडा शिजलेल्याचा आणि वजन कच्च्याचं धरलं, तर दुपटीहून जास्त जातं.

वजनकाटे टेबलावर ठेवा, आत किचनमध्ये नाही. दर आठ-दहा माणसांमागे एक तरी हवाच, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि जास्तीच्या बॅटऱ्या. पाच-सहा वर्षांच्या मुलालासुद्धा स्वतः ताटली ठेवून शून्य करून बटाटा मोजायला द्या, मागे रांग लागली तरी चालेल. घरी आई मोजते, मूल बघतं. इथे दहा पोरं मोजतायत म्हटल्यावर ते पण मोजतं, आणि हे कुठल्याही लेक्चरने होत नाही. पालकांना मात्र त्या वेळेला लांब बसवावं लागतं, ते हात मधे घालतातच.

फ्री फूडबद्दल. युरोपात जी पद्धत आहे त्यात १०० ग्रॅममागे ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी फेनिलअ‍ॅलानिन असलेली फळं-भाज्या न मोजता खायला देतात. मटार, मका, पालक हे त्यात बसत नाहीत, बटाटा मोजायचाच. पण काही क्लिनिक अजूनही सगळंच मोजायला सांगतात, त्यामुळे फ्री टेबलावरच्या पदार्थांनासुद्धा कार्ड हवं, ज्याला मोजायचंय तो मोजेल. त्यावरून वाद घालायचा नाही, प्रत्येकाचं क्लिनिक सांगेल ते त्याच्यासाठी बरोबर.

लो प्रोटीन पिठाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ज्याने कधी वापरलेलं नाही त्याची फार फजिती होते. त्यात ग्लुटेन जवळपास नसतं, ते बहुतेक स्टार्चच, म्हणून साध्या पिठासारखं मळायला गेलात तर तुटतं, चिरा पडतात. झँथन गम किंवा इसबगोल घातलं की बांधलं जातं, पाणी जरा जास्त लागतं, आणि गोळा थोडा वेळ झाकून ठेवला तर बरा वागतो. गरम असताना मऊ, गार झालं की दगड, म्हणून ब्रेड, बिस्किटं आयत्या वेळी. लो प्रोटीन पास्ता भरपूर पाण्यात, पाकिटावरच्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधीच चाखून बघत उकळायचा, जरा जास्त शिजला की लगदा. शंभर माणसांचा एकदम करू नका, छोट्या घाण्यांत करा.

आता सगळ्यात डेंजर गोष्ट. लो प्रोटीन पीठ आणि साधं पीठ दिसायला सारखंच असतं. साध्या गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, लो प्रोटीनमध्ये १ ग्रॅमपेक्षाही कमी. डबा बदलला तर एका केकच्या दोन तुकड्यांत पोराचा दिवसाचा कोटा संपतो आणि कोणाला कळतही नाही. त्यामुळे साधं पीठ, साधा पास्ता, साधा ब्रेड त्या किचनमध्ये आणायचाच नाही. भावंडांना दोन दिवस लो प्रोटीन ब्रेड खाऊन काहीही होत नाही, त्यांचं प्रोटीन कोपऱ्यातल्या टेबलावरून मिळतंच आहे. पाकिटातून डब्यात ओतायचं झालं तर पाकिटाचं लेबल कापून डब्यावर चिकटवा.

आणि अ‍ॅस्पारटेम. या गोड पदार्थाच्या वजनात निम्म्याहून जास्त फेनिलअ‍ॅलानिनच असतं. लेबलवर ई ९५१ लिहिलेलं असतं, ई ९६२ पण त्यातलंच. डाएट सॉफ्ट ड्रिंक सगळ्यांना माहीत असतं, पण च्युइंगम, मिंटच्या गोळ्या, शुगर फ्री सरबत, पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या, मुलांची चघळायची औषधं, काही सिरप हे कोणी तपासत नाही. तुमच्या फर्स्ट एडच्या पेटीतलं प्रत्येक औषध फार्मसिस्टकडून तपासून घ्या. खेळातली बक्षिसं खायची ठेवूच नका, पेन्सिल, चेंडू, स्टिकर द्या.

व्हॉलंटियरना एकच नियम, पण कडक: कुठल्याही मुलाला कुठलीही खायची गोष्ट हातात द्यायची नाही, एक बिस्किटसुद्धा नाही, आधी पालकांना विचारायचं. मूल रडत असलं तरी.

फॉर्म्युल्याची वेळ

दिवसभराचं टाइमटेबल कितीही ढिलं ठेवा, पण फॉर्म्युल्याच्या वेळा पक्क्या. बहुतेकांना तो दिवसातून निदान तीनदा, जेवणाच्या आसपास घ्यायचा असतो, कारण एकदम सगळा घेतला तर शरीराला तो नीट वापरता येत नाही आणि लेव्हलवर परिणाम होतो. शरीराला लागणारं बरंचसं प्रोटीन खरं म्हणजे यातूनच मिळतं, ताटातलं जेवण त्याच्या सोबतीला. त्यामुळे खेळाच्या नादात डोस राहिला असं होऊ देऊ नका. घंटा वाजवा, शिट्टी मारा, सगळे एकत्र बसून पितील असं करा. नाक मुरडणारं, घरी तासभर लावणारं मूल इतर दहा जण पितायत बघून गटागट पितं, निदान त्या दिवशी तरी.

पालकांना सांगून ठेवा की दोन दिवसांचा फॉर्म्युला लागत असेल तर तीन दिवसांचा आणा, स्वतःच्या शेकरसकट, आणि पावडरबरोबर येणारा चमचा विसरू नका, कारण वेगवेगळ्या ब्रँडचे चमचे वेगवेगळ्या मापाचे असतात, दुसऱ्याचा चमचा उसना घेऊन चालत नाही. फॉर्म्युलापण एकमेकांचा द्यायचा नाही, वयाप्रमाणे आणि आजाराप्रमाणे ते वेगळे असतात, टायरोसिनेमियाच्या मुलाला पीकेयूचा चालणार नाही.

भावंडांनी, आजी-आजोबांनी, व्हॉलंटियरनी एक-एक घोट चाखून बघायचा कार्यक्रम ठेवला तर मजा येते. मुलांना मोठ्यांचे चेहरे बघायला फार आवडतं. मात्र ज्यांना दुधाची किंवा सोयाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी लेबल वाचून.

दोन दिवसांत काय काय करायचं

कमी करायचं. खरंच. शुक्रवारी संध्याकाळी येतील, दमलेले असतील, जेवण आणि ओळखी एवढंच. शनिवारी सकाळी एक सेशन, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी खेळ. रविवारी सकाळी एक सेशन, जेवून घरी. मधला मोकळा वेळ हाच बऱ्याच पालकांसाठी कॅम्पचा खरा फायदा असतो, एका आईने दुसरीला बाकावर बसून विचारलेला प्रश्न डॉक्टरच्या लेक्चरमध्ये कधीच विचारला जात नाही.

डॉक्टर बोलवाल तेव्हा त्यांना स्लाइडचा ढीग आणू देऊ नका. अर्धा तास बोलणं, बाकी प्रश्न, आणि प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायचे, नाव न घालता. विषय नवीन औषधांचा निघणारच. सॅप्रोप्टेरिन (अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं) ज्यांना लागू पडतं त्यांना जास्त प्रोटीन चालू लागतं, पण सगळ्यांना लागू पडत नाही. पेगव्हॅलिएजचं इंजेक्शन २०१८ मध्ये आलं, ते घेणारे काही मोठे लोक अगदी नॉर्मल जेवतात. ते कॅम्पला आले तर डाएटवाल्यांमध्ये थोडी चुळबुळ होते, ती होणारच, त्यावर उघडपणे बोललेलं बरं. या इंजेक्शनवाल्या मंडळींना अ‍ॅनाफिलॅक्सिसचा (जीवघेण्या अ‍ॅलर्जीचा) धोका असतो, म्हणून अ‍ॅड्रेनालिनचं ऑटो इंजेक्टर कायम जवळ ठेवावं लागतं, ते कुठे आहे आणि कसं मारायचं हे टीममधल्या दोघा-तिघांना माहीत हवं.

टार्गेट लेव्हलवरून पण भांडणं होतात. युरोपच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये १२ वर्षांपर्यंत १२० ते ३६० मायक्रोमोल प्रति लिटर आणि त्यानंतर ६०० पर्यंत चालतं, अमेरिकेत मात्र सगळ्या वयांना ३६० च्या आत. दोन्ही छापील आहेत, दोन्हींमागे विचार आहे, तुमचं क्लिनिक जे पाळतं ते तुम्ही पाळा असं म्हणून विषय पुढे न्यायचा.

किशोरवयीन मुलांना पालकांशिवाय एक तास द्या, आणि तिथे पीकेयू असलेल्या मोठ्या माणसाला बसवा, डॉक्टरला नको. कॉलेज, हॉस्टेल, पार्टी, डेटिंग, फॉर्म्युला लपवून पिणं, लेव्हल वाढल्यावर डोकं कसं जड होतं, हे सगळं तिथे निघतं. मुलींना (आणि मुलग्यांनाही कळलेलं बरं) एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी की बाळ हवं असेल तर गर्भ राहण्याच्या आधीपासून लेव्हल टार्गेटमध्ये आणावी लागते आणि पूर्ण गरोदरपणात १२० ते ३६० मध्ये ठेवावी लागते, नाहीतर बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी त्याच्या मेंदूला, हृदयाला इजा होऊ शकते. हे जमतं, खूप बायकांनी केलंय, पण प्लॅन करून.

लहान मुलांना शेकोटीशी सांगायला गोष्ट हवी असेल तर खरीखुरी आहे. नॉर्वेत बोर्ग्नी एगेलंड नावाच्या आईला आपल्या दोन मुलांची बौद्धिक वाढ का होत नाही आणि त्यांना तसला विचित्र वास का येतो हे कोणीच सांगेना, तिने विचारणं सोडलं नाही, शेवटी १९३४ मध्ये असब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरने त्यांची लघवी तपासली तर फेरिक क्लोराइड टाकल्यावर ती हिरवी झाली, आणि तिथून या आजाराचा पत्ता लागला. लघवी हिरवी झाली म्हटल्यावर पोरं खदाखदा हसतात. त्या दोघांसाठी तेव्हा इलाज नव्हता, डाएट १९५० च्या दशकात हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये आणलं, आणि टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घेऊन तपासायची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. तोच कागद ही मुलं अजून वापरतात, तो त्यांना दाखवा.

ब्लड स्पॉट (कागदावरचा रक्ताचा थेंब) नीट कसा घ्यायचा याचं प्रात्यक्षिक रविवारी सकाळी, नाश्त्याच्या आणि पहिल्या फॉर्म्युल्याच्या आधी ठेवा. हात कोमट पाण्यात धुवायचे, बोटाच्या टोकाला नाही तर कडेला टोचायचं, गोल पूर्ण भरायचा, एकाच गोलात थेंबावर थेंब टाकायचे नाहीत, आणि ऊन-हिटरपासून लांब काही तास वाळू द्यायचा. एवढ्याने पुष्कळ बाद होणारी सँपल वाचतात. पण लेव्हलचा आकडा कोणी मोठ्याने वाचायचा नाही, बक्षीस तर अजिबात नाही. ताप आला, वजन घटलं, दात येत असले तरी लेव्हल चढते, त्यात पोराचा काय दोष.

हाच प्रकार पालकांच्या तुलनेचा. "तुमच्या मुलीला १२ ग्रॅम चालतं? आमच्याला तर ५ च" असं सुरू झालं की संध्याकाळपर्यंत कोणीतरी रडवेलं होतं. पहिल्याच दिवशी सांगून टाका की पीकेयूच्या जीनमधले एक हजाराहून जास्त बदल माहीत आहेत, कोणाच्या एन्झाइममध्ये थोडा जीव असतो, कोणाच्यात काहीच नाही, पालकांच्या कष्टावर तो आकडा ठरत नाही.

भावंडांसाठी वेगळा वेळ ठेवा, त्यांच्याशी कोणीतरी फक्त त्यांच्याबद्दल बोलेल असा. घरात सगळं लक्ष दुसऱ्याच्या ताटाकडे असतं हे त्यांना दिसतं, ते बोलत नाहीत. आणि आजी-आजोबांना आवर्जून बोलवा. "एवढ्याशाने काय होतंय" हे वाक्य बहुतेक घरांत तिथूनच येतं, आणि सुनेने-मुलाने शंभर वेळा सांगून जे पटत नाही ते दुसऱ्या एखाद्या आजीने सांगितलं की पटतं.

काही झालंच तर

पीकेयूमध्ये एखादा डोस चुकला किंवा भलतंच काही खाल्लं गेलं तर लगेच धावपळीची गरज नसते. पालकांना सांगायचं, वहीत लिहायचं, पुढचं क्लिनिक बघेल. मुलाला ओरडायचं नाही, तो लपवायला शिकेल.

पण तुमच्याकडे एमएसयूडी, युरिया सायकल किंवा ऑरगॅनिक अ‍ॅसिडचे आजार असलेलं कोणी असेल तर नियम वेगळा. उलट्या, जेवण नको म्हणणं, झोपाळलेपण, चालताना झोक जाणं, विचित्र वागणं यातलं काहीही दिसलं तर "दमला असेल, झोपू दे" म्हणायचं नाही. काही तासांत अमोनिया किंवा ल्युसिन इतकं वाढू शकतं की जिवावर बेतेल. इमर्जन्सी लेटर हातात, पालकांनी आणलेलं ग्लुकोजचं ड्रिंक लेटरमध्ये लिहिल्याप्रमाणे, आणि गाडी थेट हॉस्पिटलला, क्लिनिकला फोन वाटेत. या कुटुंबांना घ्यायचं असेल तर त्या हॉस्पिटलला आठवडाभर आधी कळवून ठेवा की अशी मुलं येतायत. होमोसिस्टिनुरियावाल्यांना भरपूर पाणी प्यायला लावा, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, उन्हात खेळून कोरडं पडणं चांगलं नाही.

एक गाडी आणि एक ड्रायव्हर दोन्ही रात्री तयार, दारू न प्यायलेला.

पैसे आणि स्टॉल

फॉर्म्युला आणि लो प्रोटीन फूड बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा सँपल देतात, कधी पैसेही देतात. घ्यायला हरकत नाही, पण स्टॉल एका कोपऱ्यात आणि ठराविक वेळेतच, सेशनमध्ये विक्री नाही, आणि रजिस्ट्रेशनची यादी कोणालाही द्यायची नाही. सँपल बघून कोणी घरी जाऊन परस्पर फॉर्म्युला बदलू नये हे माइकवरून सांगा. त्यापेक्षा अदलाबदलीचं टेबल ठेवा, प्रत्येकाच्या कपाटात मुलाने नाकारलेली दोन-चार लो प्रोटीन पाकिटं पडलेली असतातच, न उघडलेली आणि तारीख शिल्लक असलेली आणायची आणि दुसरं काही न्यायचं. पहिल्या तासात टेबल रिकामं होतं.

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी काही जागा ठेवा, आणि कोण त्या जागांवर आलंय हे हिशोब बघणाऱ्या एकालाच माहीत असू दे.

घरी गेल्यावर

रेसिपी आठवड्याच्या आत पाठवा, ग्रॅममध्ये, ब्रँडच्या नावासकट, कारण एका ब्रँडच्या पिठाला लागतं तेवढं पाणी दुसऱ्याला लागत नाही आणि मग "कॅम्पला झालं होतं, घरी बिघडलं" असे मेसेज येत राहतात. फीडबॅकचा फॉर्म मुलांना वेगळा द्या, चित्र काढलं तरी चालेल. जेवणाचं काय उरलं आणि काय कमी पडलं याची नोंद किचनवाल्यांकडून त्याच रात्री घ्या, दोन दिवसांनी कोणाला आठवत नाही. आणि पुढच्या वेळी किचनची ड्युटी लावताना पंधरा वर्षांवरच्या पोरांना कार्डं लिहायचं आणि पास्ता चाखायचं काम द्या, त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा, कारण शाळेच्या परीक्षांच्या तारखा बघूनच तुम्हाला पुढचा वीकेंड ठरवावा लागणार आहे.